शून्य पासंग

"आप का नाम?" वैजयंती शिरगुप्पेंनी विचारलं, आणि लहान मुलाला घास भरवावा तसे शब्द सुटे सुटे करत पुढे म्हटलं, "आप... हिंदी... समझते हैं?"

टेबलापलीकडच्या तरुणानं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"मानवेल सिद्दी. मराठीत बोला की बाई. मी हितलाच हाय. नगरपालिकेच्या नऊ नंबर शाळेत शिकलोय."

वैजयंतीबाई ओशाळल्या. ओशाळलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक, चूक कबूल करून मोकळं व्हायचं. दुसरी, समोरच्याचाच राग धरायचा. आपण पहिल्या वाटेनं गेलो असं बाईंना प्रामाणिकपणे वाटलं, कारण त्या हसल्या होत्या. पण फायलीच्या समासात त्यांच्या पेन्सिलीनं तेवढ्यात एक शब्द लिहून टाकला होता. चलाख.

बाई परिवीक्षा अधिकारी होत्या. गुन्हा शाबीत झालेल्या माणसाला तुरुंगात धाडायचं की चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी सोडायचं, हे ठरवण्याआधी न्यायाधीश त्यांच्याकडून एक अहवाल मागत. माणूस कसा आहे, एवढाच प्रश्न. पाच गुण, प्रत्येकी वीस मार्क: खरेपणा, जबाबदारी, संयम, पश्चात्ताप, भरवसा. साठाच्या वर मार्क पडले तर माणूस बहुतेक घरी जाई. साठाच्या खाली राहिला, तर नाही.

मानवेल सव्वीस वर्षांचा लिफ्ट मेकॅनिक. त्याचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणलेले. आजा कर्नाटकातल्या हल्याळच्या रानातला. बाप गुऱ्हाळावर काम शोधत या जिल्ह्याच्या गावी आला आणि इथलाच झाला. लोक मात्र मानवेलला अजून विचारत, तुमच्या देशात पाऊस पडतो का. आठ महिन्यांपूर्वी एका अपार्टमेंटमध्ये तो लिफ्ट दुरुस्त करून निघाला होता. तिथल्या एका निवृत्त गृहस्थांनी त्याचं ओळखपत्र मागितलं, पाहिलं, आणि तरीही फाटकाला कुलूप घालून त्याला वॉचमन येईपर्यंत जमिनीवर बसायला सांगितलं. त्या महिन्यातली ही तिसरी वेळ. मानवेलनं त्यांना ढकललं. ते पायरीवर पडले, मनगट आणि खुबा मोडला. गुन्हा त्यानं पहिल्याच तारखेला कबूल केला होता. आता शिक्षा दोन वर्षं तुरुंग, आणि लिफ्टचं लायसन्स कायमचं रद्द. नाहीतर हमीवर सुटका.

"त्यांना दवाखान्यात तुम्हीच नेलंत?"

"व्हय. रिक्षा केली."

"का?"

"पडलं होतं की म्हातारं माणूस."

बाईंनी लिहिलं: पोलिसांच्या भीतीनं मदत केलेली असणं शक्य.

"केल्याचा पश्चात्ताप होतो का?"

मानवेलनं मान खाली घातली. कोपऱ्यातल्या पडद्यावर चित्रीकरणाचे सेकंद सरकत होते, अकरा झाले.

"हाताचा होतोय बाई," तो म्हणाला. "रागाचा न्हाई होत."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी लिहिलं: उत्तर जुळवायला वेळ घेतला. आतल्या गाठीचा वाटतो. मग खाली पाच आकडे मांडले आणि बेरीज केली. एक्केचाळीस.

हा आकडा दुसऱ्या कुणा अधिकाऱ्यानं दिला असता तर तो तसाच कोर्टात गेला नसता. मध्ये पासंग होता.

जुन्या बाजारात तराजूची पारडी सारखी नसली, की वाणी हलक्या पारड्याला एक खडा बांधी. त्या खड्याला पासंग म्हणत. पाच वर्षांपूर्वी न्यायखात्यानं तेच नाव एका यंत्रणेला दिलं. हे यंत्र मुलाखतीच्या चित्रफितीतून माणसाचा चेहरा, कातडी आणि आवाजाचा पोत सोलून काढी, आणि खाली उरलेलं सगळं दुसऱ्या चेहऱ्यावर चढवी: भुवईची प्रत्येक हालचाल, प्रत्येक अडखळणं, शब्दन् शब्द. कढी तीच, भांडं दुसरं. दर तिमाहीला अधिकाऱ्यांना परजिल्ह्यातल्या चाळीस मुलाखती दाखवत. तीन आठवड्यांनी त्याच मुलाखती पुन्हा येत, पण चेहरे, नावं आणि गावं बदलून, इतर पन्नासांत मिसळून. दोन्ही वेळच्या मार्कांत फरक पडला, तर तो फरक माणसात नव्हता हे उघडच. तो बघणाऱ्यात होता. त्या फरकाचा हिशेब करून यंत्र प्रत्येक अधिकाऱ्याच्या नावावर एक आकडा ठेवी आणि पुढे त्याच्या खऱ्या अहवालात तेवढी भर घाली किंवा काट मारी.

सुरुवातीला अधिकाऱ्यांनी थयथयाट केला. कुणाचा पासंग अकरा निघाला, कुणाचा तेवीस. पुढे सवय झाली. चष्म्याचा नंबर सांगावा तसे लोक आपला पासंग सांगू लागले. साऱ्या राज्यात एकाच अधिकाऱ्याचा पासंग चार वर्षं शून्य होता: वैजयंती शिरगुप्पे. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत त्यांचा फोटो होता. बाईंना त्याचं नवल वाटलं नव्हतं. त्यांचे वडील मास्तर होते, घरात कुणासाठी वेगळा कप ठेवला नव्हता. आपण तसल्यातल्या नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

म्हणून मानवेलच्या एक्केचाळिसाला कुणी खडा बांधणार नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला रुक्साना मुल्ला चहाचे दोन कप घेऊन बाईंच्या खोलीत आली. पासंगाचं यंत्र तीच सांभाळी. वयानं पंचेचाळिशीची, आणि त्या भागातल्या बायकांच्या वळणानं 'मी करतो, मी जातो' असं बोलणारी. बाईंच्या टेबलावर मानवेलचा अहवाल सहीसाठी उघडा होता. मुदत सहापर्यंत. कोर्टाची तारीख दुसऱ्या दिवशी अकराची.

"नवीन परिपत्रक आलंय बघा," रुक्साना खुर्ची ओढत म्हणाली. "पुढच्या तिमाहीपास्नं चाचणीत चेहऱ्यासंगट वाक्यंपण बदलणार म्हणं. अर्थ तोच, शब्द निराळे. काय तर म्हणं, काही लोकांच्या वाक्यं ध्यानात ऱ्हात्यात." ती हसली. "चाळीस मुलाखती! कुणाच्या ओ ध्यानात ऱ्हाणार?"

बाईंनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

वैजयंतीबाई एकपाठी होत्या. एकदा ऐकलेलं त्या विसरत नसत. पाव्हणे आले की वडील त्यांना पाटावर उभं करून वर्तमानपत्राचा एक रकाना मोठ्यानं वाचत, आणि सात वर्षांची वैजू तो जसाच्या तसा म्हणून दाखवी. पुढे लग्न, नोकरी, यात ते कौतुक मागे पडलं. आपल्याला असं काही येतं हे त्या स्वतःही विसरल्यासारख्या झाल्या होत्या. चाचणीच्या दुसऱ्या फेरीत एखादं वाक्य कानावर पडलं, की त्याच्या पाठोपाठ एक आकडा आपोआप वर येई. चौदा. नऊ. सोळा. बाई तो लिहून मोकळ्या होत. त्यांना वाटे, आपलं मत ठाम आहे.

म्हणजे त्यांनी दुसऱ्या वेळी त्या माणसांकडे पाहिलंच नव्हतं. चार वर्षं यंत्रानं त्यांची स्मरणशक्ती तपासली होती.

"रुक्साना," त्या म्हणाल्या, "कालची मुलाखत मला फेरनजरेला हवी. दुसऱ्या चेहऱ्यावर."

रुक्सानाचं हसू मावळलं. सहीआधी स्वतःची मुलाखत एकदा बदलून बघायची सोय नियमात होती. मात्र तिची नोंद राही.

"कशाला ओ बाई? शून्यवाल्यांनी कुठं फेरनजर मागायची असती?"

"मागते आहे ना मी."

"नियम म्हाईत हाय न्हवं? दहाच्या वर फरक पडला, की तुमचं शून्य जातंय. आनि शून्याच्या भरवशावर गेलेले सगळे अहवाल उघडत्यात. तीनशे बारा हायत. कोर्टं, पेपरवाले, सगळे येतील हितं. तुमच्या नावाची चिंधी करतील."

तीनशे बारा हा आकडा बाईंनाही ठाऊक होता.

"त्या पोराचं वाटत आसंल तर पाच-पंचवीस मार्क वाढवा आनि सही करा," रुक्साना खालच्या आवाजात म्हणाली. "कुणाला कळतंय?"

हे बाईंच्या मनात आलं नव्हतं असं नाही. किंबहुना आधी तेच आलं होतं. एकाला सोडायचं, आपलं झाकायचं, आणि रात्री सुखानं झोपायचं. पण बाकीच्यांचं काय, हा प्रश्न त्या चोरवाटेवरच आडवा पडला होता.

"लाव," त्या म्हणाल्या.

रुक्साना उठली नाही.

"माझं एक ऐका," ती म्हणाली. "आमाला ह्या गावात भाड्यानं घर मिळत न्हवतं तवा चौदा दारं वाजवली मी. नाव सांगितलं की खोली गेलेली असायची. तवा घरी जाऊन नवऱ्याला म्हणायचो, आरं, हाय की एक माणूस शून्याचं. माझ्याच हापिसात हाय. ते काढून घेऊ नका माझं."

रुक्साना या ऑफिसात आली तो दिवस बाईंना आठवला, आणि त्या दिवशी आपण तिला मनातल्या मनात किती मार्क दिले होते तेही. ते साठाच्या वर नव्हते.

"लाव, रुक्साना."

*

पडद्यावर एक गोरटेला तरुण आला. बारीक मिशी, सरळ केस, शेजारच्या गल्लीतला कुणीही असावा असा. खाली नाव 'मयूरेश' दिसत होतं. आवाज पातळ झाला होता. वाक्यं मात्र तीच, आणि ती बाईंना अर्थातच पाठ होती. त्यांनी मुद्दाम मनाला बजावलं: हा मानवेलच आहे, फसू नकोस.

"मराठीत बोला की बाई. मी हितलाच हाय."

बाईंना हसू आलं. मोकळं पोर आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या दचकल्या. काल याच वाक्याला समासात काय लिहिलं होतं?

"पडलं होतं की म्हातारं माणूस."

यात काही लपवलेलं नव्हतं. पडलेल्याला उचलायचं असतं, इतकंच तो सांगत होता. पोलिसांची भीती त्यात कुठून आली?

मग पश्चात्तापाचा प्रश्न आला. तरुणानं मान खाली घातली. सेकंद सरकू लागले. काल या अकरा सेकंदांत बाईंना एक बेरकी माणूस उत्तर जुळवताना दिसला होता. आज त्याच अकरा सेकंदांत एक पोरगा लाजेनं जमिनीत जायचा बाकी राहिला होता. त्याची हनुवटी थरथरत होती. ती कालही थरथरली होती. यंत्र पदरचं काही घालत नाही.

"हाताचा होतोय बाई. रागाचा न्हाई होत."

किती खरं बोलला, असं वाटून बाईंचे डोळे भरून आले. आपल्याला सगळं ठाऊक आहे, पडद्यावर कोण आहे ते ठाऊक आहे, शब्द पाठ आहेत, आणि तरीही मन पारडं बदलतं, याची त्यांना विलक्षण भीती वाटली. स्वतःच्या घरात आजवर न उघडलेली खोली असावी आणि आत कुणी राहत असावं, तशी.

त्यांनी पाच आकडे मांडले. अडुसष्ट.

"सत्तावीसचा फरक," रुक्साना पाठमोरी राहूनच म्हणाली. नोंद झाली होती.

बाई अहवालापाशी परतल्या. पाच चाळीस झाले होते. आता अडुसष्ट लिहायचे का? पण ते मार्क मयूरेशला पडले होते, आणि मयूरेश जगात नव्हता. त्या गोऱ्या चेहऱ्याची कणव अडुसष्टात किती आली असेल, कुणी सांगावं. एक्केचाळीस मानवेलचे नव्हते आणि अडुसष्टही मानवेलचे नव्हते. त्या तरुणासमोर पाऊण तास बसून त्यांनी त्याला पाहिलंच नव्हतं.

त्यांनी मार्कांची चौकट रिकामी ठेवून सही करून पाहिली. संगणकानं अहवाल नाकारला. पुन्हा केली, पुन्हा नाकारला. सहा वाजले. बाईंनी फाइल मिटली आणि पिशवीत घातली.

*

न्यायाधीश सबनीस या कमी बोलणाऱ्या बाई होत्या. अहवाल का नाही, असं त्यांनी विचारलं तेव्हा वैजयंतीबाई उभ्या राहिल्या. मानवेल उजवीकडच्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"या व्यक्तीबद्दल मत द्यायला मी लायक नाही," बाई म्हणाल्या. "माझा पासंग शून्य नाही. कधीच नव्हता. चाचणीतली वाक्यं माझ्या लक्षात राहत होती. हे मला काल कळलं."

कोर्टात खुर्च्या करकरल्या. सबनीसांनी चष्मा काढला.

"शिरगुप्पे मॅडम, तुम्ही काय बोलताय याची कल्पना आहे? या कोर्टानं तुमच्या अहवालांवर माणसं आत पाठवली आहेत. मी स्वतः पाठवली आहेत."

"हो. मी लिहिलेलं होतं म्हणूनच."

सबनीसांनी दुसऱ्या अधिकाऱ्याकडून नवा अहवाल मागवला, मानवेलचा जामीन चालू ठेवला, आणि बाईंच्या सगळ्या अहवालांच्या फेरतपासणीचा आदेश काढला. (नवा अहवाल पंधरवड्यानं आला. तो अधिकारी तेवीस पासंगाचा होता. यंत्रानं त्याचा खडा बांधला आणि मानवेल हमीवर सुटला.)

बाहेर व्हरांड्यात मानवेल त्यांची वाट बघत थांबला होता. तो आभार मानील अशी एक चोरटी आशा बाईंना होती. माणूस कितीही खाली उतरला तरी कुणीतरी बरं म्हणावं, एवढी हाव सुटत नाही.

"माझ्यात काय दिसलं असंल तुमाला, ते मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "रोजच दिसतंय लोकांना. तुमाला सांगायला लाज वाटली न्हाई, एवढं बरं झालं."

"मला माफ करा, मानवेल."

"ते बघू पुढं." त्यानं टूलबॉक्स खांद्याला लावला, इथूनच त्याला कामावर जायचं होतं. दोन पायऱ्या उतरून तो वळला. "माझं आज निभावलं. आदीच्यांचं काय?"

*

साठाच्या खालचे अहवाल त्रेपन्न निघाले. पहिल्या दोन वर्षांच्या चित्रफिती नियमाप्रमाणे पुसल्या गेल्या होत्या; उरले होते ते फक्त बाईंचे शेरे. आतल्या गाठीचा. चलाख. उद्धट. भरवसा वाटत नाही. अशा शेऱ्यांवरून नवा अधिकारी काय तपासणार?

"मी सांगते," वैजयंतीबाई म्हणाल्या. "त्यांची उत्तरं मला येतात."

बाईंना कामावरून दूर केलं होतं. तपासणीपुरतं रोज चार तास यायची परवानगी होती. रुक्साना समोर बसली. आठवडाभर ती त्यांच्याशी कामापलीकडे एक अक्षर बोलली नव्हती, आणि आता चहाही एकच कप आणत असे.

"पयलं नाव," ती म्हणाली. "लालरेमा. मिझोरामचा. हाटेलात आचारी. तीन वर्षं भोगून सुटला, कुठं गेला नोंद न्हाई."

वैजयंतीबाईंनी हात मांडीवर ठेवले, पाठ सरळ केली, आणि लहानपणी पाटावर उभ्या राहून म्हणत तसं म्हणायला सुरुवात केली. लालरेमाची मोडकी हिंदी, त्याच्या आईचं आजारपण, सुरी हातात कशी आली, मालक त्याला कोणत्या नावानं हाक मारायचा, 'मैडम, मैं झूठ बोलना सीखा नहीं, हिंदी ही पूरी नहीं सीखा'. एक शब्द मागेपुढे नाही. कुठे तो थांबला होता, तिथे त्याही थांबत होत्या. रुक्सानाची बोटं कळफलकावर चालत होती. मध्येच ती थांबून डोळे पुसत होती.

उत्तरं संपली.

"बोलताना कसा दिसत होता?" रुक्सानानं विचारलं. "नजर खाली होती? रडला? ती चौकट भरायची हाय."

बाईंनी डोळे मिटले. पावणेचार वर्षांपूर्वीचा त्याचा प्रत्येक शब्द कानात स्पष्ट होता. त्या शब्दांच्या वरचा चेहरा त्या शोधू लागल्या. रुक्साना थांबून राहिली.

"बारीक डोळे होते," शेवटी वैजयंतीबाई म्हणाल्या. "तेवढंच बघितलं मी."